ऊर्जेची दैनिक गरज, श्रमिक प्रौढांची

अंगमेहनत करणाऱ्या निरोगी प्रौढ व्यक्तीचे वजन, आरोग्य व कार्यशक्ती दीर्घकाळ टिकून राहावी आणि उपजीविकेचे काम संपल्यावरही तिला घरातील व समाजातील व्यवहार करता यावेत, यासाठी तिला दररोज अन्नावाटे मिळावयास हवी असलेली ऊर्जा. ही राशी किलोकॅलरी (१ कि.ग्रॅ. पाण्याचे तापमान १° से.ने वाढविण्यास लागणारी उष्णता, व्यवहारात हिलाच नुसते ‘कॅलरी’ म्हणतात) किंवा किलोजूल या एककांत मांडतात. १ किलोकॅलरी म्हणजे ४·१८४ किलोजूल होत. कार्बोहायड्रेटे व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून शरीराला सु. ४, तर वसेच्या प्रत्येक ग्रॅमपासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते.

वरील व्याख्येतील ‘हवी असलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एखादा मजूर प्रत्यक्षात किती खातो यावरून त्याची गरज ठरविता येत नाही. अन्न कमी मिळाले की शरीर प्रथम हालचाली आवरते, नंतर वजन उतरते आणि शेवटी त्या कमी अन्नाशी कमी श्रमाचा मेळ बसतो. अशा मजुराचा आहार मोजून त्यालाच त्याची गरज मानले, तर उपासमार हेच प्रमाण ठरते. या कारणास्तव अन्न व शेती संघटना, जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रे विद्यापीठ यांच्या तज्ञसमितीने १९८१ च्या बैठकीत (अहवाल १९८५) प्रौढांची गरज शक्य तेथे आहारावरून न ठरविता ऊर्जाव्ययावरून ठरवावी, असे तत्त्व स्वीकारले.

ऊर्जाव्ययाचे घटक : दिवसभरातील ऊर्जाव्यय मुख्यत्वे तीन बाबींवर होतो. पूर्ण विश्रांतीत, उपाशीपोटी व सुखकर तापमानात जागेपणी पडून राहिलेल्या माणसाचे हृदय, फुप्फुसे, यकृत, मेंदू इ. इंद्रियांचे कार्य चालू ठेवण्यास जी किमान ऊर्जा लागते, तिला मूलभूत चयापचयाचे मान (यापुढे ‘मूलभूत मान’) म्हणतात [→ चयापचय]. अन्नाचे पचन, शोषण व साठवण यांसाठी एकूण व्ययाचा सु. एक-दशांश भाग खर्ची पडतो. तिसरा घटक शारीरिक हालचालींचा. बैठे काम करणाऱ्याच्या बाबतीत मूलभूत मानाचा वाटा सर्वांत मोठा असतो. मात्र जड श्रम करणाऱ्याच्या बाबतीत हालचालींचा वाटा त्याच्या बरोबरीला येतो किंवा त्याहूनही वाढतो. माणसामाणसांत व एकाच माणसाच्या निरनिराळ्या हंगामांत सर्वाधिक बदलणारा घटक हाच असून अंदाजातील बहुतेक चुका येथेच होतात.

स्नायूंची कार्यक्षमता बेताचीच असते. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी फार तर २० ते २५ टक्के यांत्रिक कार्यात उतरते. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ६० कि.ग्रॅ. वजनाचा हमाल ५० कि.ग्रॅ.चे पोते घेऊन ३ मी. उंचीच्या थप्पीवर चढतो, तेव्हा होणारे यांत्रिक कार्य १ किलोकॅलरीपेक्षाही कमी (सु. ०·७७) भरते, परंतु त्यासाठी शरीर ३ ते ४ किलोकॅलरी खर्च करते. दिवसात अशा शंभर खेपा झाल्या, तर केवळ चढण्यापायी ३०० ते ४०० किलोकॅलरी लागतात. पोते उचलणे, ते तोलून धरणे, उतरणे व परत चालत येणे यांचा खर्च यात धरलेला नाही. ओझे नुसते धरून उभे राहण्यात भौतिकीच्या अर्थाने कार्य शून्य असते, पण स्नायू आकुंचित राहत असल्याने ऊर्जा खर्च होतच असते. म्हणून माणसाच्या श्रमाचे मोजमाप उचललेल्या वजनावरून न करता शरीरातील ज्वलनावरून करावे लागते.

मापन : श्वसन हे मंद ज्वलनच आहे, हे लव्हॉयझर व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८० च्या सुमारास बर्फाच्या कॅलरीमापकात गिनीपिग ठेवून दाखविले. पुढे लव्हॉयझर यांनी श्रम करीत असलेल्या माणसाच्या ऑक्सिजन-ग्रहणातील वाढही मोजली. अमेरिकेतील मिडलटाउन येथे ॲटवॉटर व रोझा यांनी १८९० नंतरच्या दशकात मनुष्य अनेक दिवस राहू शकेल अशी कॅलरीमापक खोली उभारली. आत मनुष्य यांत्रिक सायकल चालवी आणि त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता व त्याने घेतलेल्या अन्नाची ऊर्जा यांचा ताळेबंद मांडला जाई. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मनुष्यदेहालाही लागू आहे, हे या प्रयोगांमुळे निःसंशय ठरले.

परंतु शेतात किंवा खाणीत काम करणाऱ्याला खोलीत कोंडता येत नाही. १ लि. ऑक्सिजन वापरला गेला की सु. ४·८ ते ५ किलोकॅलरी ऊर्जा मुक्त होते, या संबंधाचा उपयोग करून अप्रत्यक्ष मापन करता येते. इंग्लंडमधील डग्लस यांनी १९११ मध्ये पाठीवर बांधण्याची हवाबंद पिशवी सुचविली. तीत उच्छ्वासाची हवा साठवून तिचे विश्लेषण करतात. या व अशा उपकरणांनी नांगरणी, खणणे, दळणे, लाकूड फोडणे यांसारख्या शेकडो कामांचा मिनिटागणिक खर्च मोजला गेला. तोंडाला नळी व पाठीवर पिशवी बांधलेला मनुष्य नेहमीच्या लयीत काम करतोच असे नाही, ही या पद्धतीची उणीव होय.

अलीकडच्या काळातील सर्वांत विश्वसनीय पद्धत द्विचिन्हित जलाची आहे. या पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन या दोहोंचे जड, परंतु किरणोत्सर्गी नसलेले समस्थानिक (तोच अणुक्रमांक पण भिन्न अणुभार असलेले त्याच मूलद्रव्याचे प्रकार) वापरलेले असतात. असे पाणी प्याल्यावर जड हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्याच्या रूपात बाहेर पडतो. जड ऑक्सिजन मात्र पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड या दोन्ही रूपांत जातो. एक-दोन आठवडे मूत्राचे नमुने तपासून दोहोंच्या घटण्याच्या वेगांतील फरक काढला की, तेवढ्या अवधीत निर्माण झालेला कार्बन डाय-ऑक्साइड व त्यावरून ऊर्जाव्यय कळतो. दरम्यान माणसाला आपले नेहमीचे काम निर्वेधपणे करता येते. लिफ्सन व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये ही पद्धत प्राण्यांवर वापरली. समस्थानिकांच्या किंमतीमुळे माणसावर ती वापरण्यास १९८२ साल उजाडावे लागले. आजही ती खर्चिक असल्याने मोठ्या लोकसमूहांसाठी अंदाजाचीच पद्धत वापरावी लागते.

गुणक पद्धती : या पद्धतीत प्रथम वय, लिंग व वजन यांवरून मूलभूत मान काढतात. नंतर प्रत्येक कृतीचा खर्च मूलभूत मानाच्या कितीपट असतो ते सांगणारा कृतिगुणक घेऊन त्याला त्या कृतीत गेलेल्या तासांनी गुणतात. चोवीस तासांची बेरीज करून तिला २४ ने भागले की दैनिक श्रमगुणक मिळतो. मूलभूत मान व श्रमगुणक यांचा गुणाकार म्हणजे दिवसाची ऊर्जा-गरज. तज्ञसमितीच्या २००४ च्या अहवालानुसार १·४० ते १·६९ हा श्रमगुणक बैठ्या वा हलक्या, १·७० ते १·९९ मध्यम आणि २·०० ते २·४० जड श्रमांच्या जीवनक्रमाचा निदर्शक आहे. २·४० च्या वरचा श्रमगुणक दीर्घकाळ टिकविणे कठीण असते. ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीत भाग घेणाऱ्या स्पर्धकांचा खर्च मूलभूत मानाच्या चौपटीहून अधिक आढळला आहे. पण ती स्थिती काही आठवड्यांचीच असते व तिच्यासाठी आहाराची खास व्यवस्था असते.

उदाहरणार्थ, शेतात मजुरी करणारी २५ वर्षांची, ४८ कि.ग्रॅ. वजनाची स्त्री घेऊ. ती ८ तास झोपते (कृतिगुणक १·०). अंघोळ, वेणीफणी वगैरेंत १ तास (२·३), जेवणात १ तास (१·४) व स्वयंपाकात १ तास (२·१) घालविते. लावणी, खुरपणी, वेचणी अशी कामे ६ तास (४·१), पाणी व सरपण आणणे १ तास (४·४), झाडलोट, भांडी व धुणे १ तास (२·३) आणि ओझ्याविना चालणे १ तास (३·२) होते. उरलेले ४ तास बसून किंवा हलक्या कामात जातात (१·४). एकूण बेरीज ५३·९ व श्रमगुणक सु. २·२५ येतो. आंतरराष्ट्रीय समीकरणानुसार (१८ ते ३० वर्षांच्या स्त्रियांसाठी १४·८१८ गुणिले वजन, अधिक ४८६·६) तिचे मूलभूत मान सु. १,२०० किलोकॅलरी असून दिवसाची गरज सु. २,७०० किलोकॅलरी ठरते.

हाच हिशेब थोडा बदलून पाहिल्यास अंदाज कोठे ढळतो ते कळते. भारतीयांचे मूलभूत मान या समीकरणाने येणाऱ्या आकड्यापेक्षा सु. एक-दशांशाने कमी धरण्याचा प्रघात आहे. त्यानुसार ते १,०८० धरल्यास गरज २,४३० वर येते. म्हणजे एका सुधारणेने २७० किलोकॅलरी अर्थात सु. ८० ग्रॅ. ज्वारी, एका भाकरीचे पीठ, कमी होते. आता हंगामात खुरपणीचे तास सहाचे आठ झाले व तेवढा विसावा घटला, तर श्रमगुणक २·४७ होऊन गरज पुन्हा सु. २४० किलोकॅलरींनी वाढते. उलटपक्षी या स्त्रीची नोंद नुसती ‘शेतमजूर’ अशी करून स्वयंपाक, पाणी-सरपण व झाडलोट यांचे तीन तास विश्रांतीत जमा केले, तर सु. २०० किलोकॅलरी कागदावरून नाहीशा होतात. व्यवसायाच्या नावावरून गरज ठरविणाऱ्या कोष्टकांत स्त्रियांच्या बाबतीत हा दोष वारंवार शिरतो. कारण मजुरी न मिळणारे काम हेही काम आहे, याची दखल कोष्टके उशिराच घेऊ लागली. मूल अंगावर पीत असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत आणखी ६०० किलोकॅलरी मिळवाव्या लागतात (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस).

मूलभूत मानाच्या समीकरणाविषयीही एक बाब ध्यानात ठेवावी लागते. ज्या नोंदींवर ते उभारले आहे, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या इटालियन व्यक्तींच्या होत्या व त्यांची माने इतरांपेक्षा चढी होती. भारतीयांची माने कमी भासण्याचे एक कारण हे आहे. शरीरातील वसाविरहित भागाच्या (मुख्यतः स्नायू व इंद्रिये) तुलनेत मोजल्यास वंशावंशांतील तफावत पुष्कळच कमी होते. तेव्हा ‘भारतीयाला अन्न कमी लागते’ असे ढोबळ विधान शास्त्राला धरून नाही.

दुष्काळी कामांवरील शिधा : ऊर्जा-गरजेचा अंदाज हा केवळ प्रयोगशाळेचा विषय नसल्याचे १८७६–७८ च्या दुष्काळात दिसून आले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील पुरुष मजुराची मजुरी १ पौंड (सु. ४५० ग्रॅ.) धान्य व वर थोडी रोख रक्कम एवढ्यावर आणली, स्त्रिया व मुले यांना याहूनही कमी मिळे. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी या दराला कसून विरोध केला. श्रम करणाऱ्याला किमान दीड पौंड (सु. ६८० ग्रॅ.) धान्य व त्याखेरीज डाळ आणि भाजीपाला मिळालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारने धान्य सव्वा पौंडापर्यंत वाढवून थोडी डाळही मंजूर केली. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराच्या निषेधार्थ कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

त्या वेळी कॅलरीचा हिशेब प्रचारात नव्हता. तो आज केल्यास ४५० ग्रॅ. धान्यापासून सु. १,५५० किलोकॅलरी मिळतात, असे दिसते. ५० कि.ग्रॅ. वजनाच्या तरुण पुरुषाचे मूलभूत मान, भारतीय सुधारणा धरूनही, सु. १,३०० किलोकॅलरी येते. म्हणजे धान्याचा हा शिधा त्याच्या १·२ पटही भरत नाही. बैठ्या माणसाचा श्रमगुणकही १·४ असतो, आणि येथे तर दिवसभर माती खणून वाहावयाची होती. योगायोगाने एवढ्याच आहाराचा एक नियंत्रित प्रयोग पुढे झाला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी १९४४–४५ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांना चोवीस आठवडे सु. १,५७० किलोकॅलरींच्या आहारावर ठेवले. त्यांना आठवड्याला ३५ किमी.च्या आसपास चालण्यापलीकडे जड श्रम नव्हते. तरीही त्यांचे वजन सु. एक-चतुर्थांशाने व मूलभूत मान सु. ४० टक्क्यांनी घटले. आपण होऊन केलेल्या हालचाली जवळजवळ थांबल्या आणि मन अन्नाखेरीज कशातच रमेना. कमी आहाराशी शरीर ‘जुळवून घेते’ या विधानाचा प्रत्यक्षातील अर्थ असा असतो.

शिफारशींतील बदल : अन्न व शेती संघटनेच्या १९५७ च्या समितीने ६५ कि.ग्रॅ. वजनाच्या ‘संदर्भ पुरुषा’साठी ३,२०० किलोकॅलरी सुचविल्या होत्या, १९७३ च्या अहवालात मध्यम श्रमाच्या अशाच पुरुषासाठी ३,००० सुचविल्या गेल्या. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१० मध्ये ६० कि.ग्रॅ. वजनाच्या पुरुषासाठी बैठ्या, मध्यम व जड श्रमांकरिता अनुक्रमे २,३२०, २,७३० व ३,४९० आणि ५५ कि.ग्रॅ. वजनाच्या स्त्रीसाठी १,९००, २,२३० व २,८५० किलोकॅलरींची शिफारस केली. २०२० मध्ये संदर्भ पुरुषाचे वजन ६५ कि.ग्रॅ. केले, तरी आकडे २,११०, २,७१० व ३,४७० असे आले. स्त्रीसाठी वजन तेच ठेवून ते १,६६०, २,१३० व २,७२० झाले. वजन वाढवूनही गरज घटली, याचे कारण मूलभूत मान व बैठ्या श्रमाचा गुणक हे दोन्ही कमी धरले गेले. जीवनसत्त्वांच्या बाबतीत सुरक्षिततेसाठी शिफारस सरासरीहून वर ठेवतात. ऊर्जेच्या बाबतीत तसे करीत नाहीत. कारण जादा ऊर्जा वसेच्या रूपात साठते. त्यामुळे हे आकडे समूहाची सरासरी दर्शवितात व समूहातील सु. निम्म्या व्यक्तींची गरज त्याहून अधिक असते.

सरासरीविषयीचा वाद : सरासरीच्या या आकड्याला भारतात फार मोठे सामाजिक महत्त्व प्राप्त झाले. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याच्या आपल्या अभ्यासात (१९७१) माणशी दररोज २,२५० किलोकॅलरी देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतो, ती पातळी किमान मानली. नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरी भागासाठी २,१०० किलोकॅलरी धरल्या. ग्रामीण आकडा मोठा असण्याचे कारण शेतीतील श्रम हेच होते.

याला आक्षेप घेतला तो अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे माजी संचालक पां. वा. सुखात्मे यांनी. एकाच निरोगी माणसाचा आहार आठवड्या-आठवड्याला बदलतो आणि शरीर ऊर्जेच्या वापराची कार्यक्षमता त्यानुसार कमी-जास्त करते. म्हणून सरासरीखाली असलेल्या प्रत्येकास कुपोषित न म्हणता सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून येणाऱ्या आकड्याखालील लोकांसच तसे म्हणावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. सरासरी ही गणितातील मध्यरेषा असून भुकेची सीमा नव्हे, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता व तो आज सर्वमान्य आहे. पण त्यांची सीमा मान्य केली, तर कुपोषितांची संख्या एकदम खाली येई. दांडेकर, सी. गोपालन प्रभृतींनी तिच्यावर टीका केली. शरीराचे जुळवून घेणे हे फुकट नसते, त्याची किंमत खुजी उंची, घटलेले वजन आणि टाळलेले श्रम या रूपांत मोजावी लागते, असे गोपालन यांचे म्हणणे होते. वजन स्थिर असलेल्या व्यक्तीचे मूलभूत मान दिवसेंदिवस फारच थोडे बदलते, असे नंतरच्या मोजण्यांत आढळल्याने सुखात्मे यांनी गृहीत धरलेल्या मोठ्या स्वयंनियमनाला पुरेसा आधार मिळालेला नाही. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेचा कॅलरीशी असलेला थेट संबंध सोडला; रंगराजन समितीने २०१४ मध्ये ग्रामीण २,१५५ व शहरी २,०९० किलोकॅलरी हे आकडे इतर पोषणद्रव्यांसह पुन्हा विचारात घेतले.

बेरजेची मर्यादा : गुणक पद्धतीत श्रम वाढले की खर्च त्याच प्रमाणात वाढतो, असे गृहीत असते. टांझानियातील हाद्झा या शिकार व अन्नसंकलन करणाऱ्या जमातीचा ऊर्जाव्यय हर्मन पाँट्झर व सहकाऱ्यांनी द्विचिन्हित जलाने मोजला (२०१२). दिवसभर भटकंती करणाऱ्या या लोकांचा खर्च, शरीराचे आकारमान लक्षात घेता, शहरी अमेरिकनांहून फारसा वेगळा आढळला नाही. दीर्घकाळ श्रम करणारे शरीर इतरत्र काटकसर करीत असावे, असा तर्क यावरून मांडला गेला. त्याविषयी एकमत झालेले नाही; शिवाय थोड्या अवधीच्या हंगामी श्रमांना तो लावता येत नाही. ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या मोजण्यांचे २०२१ मधील संकलन मात्र एका बाबतीत स्पष्ट आहे : आकारमान विचारात घेतल्यास विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ऊर्जाव्यय जवळजवळ स्थिर राहतो.

एका व्यक्तीपुरता अंदाज पडताळून पाहण्याचे सोपे साधन वजनकाटा हे आहे. शरीरातील १ कि.ग्रॅ. मेदोतकात ७,००० किलोकॅलरींच्या वर ऊर्जा साठलेली असते. त्यामुळे रोज २७० किलोकॅलरींची तूट सुरुवातीला महिन्यास सु. १ कि.ग्रॅ. वजन घटवू शकते. पुढे वजन उतरते तसा खर्च कमी होऊन घट मंदावते. वजन दर आठवड्याला ठरावीक वेळी करावे लागते, कारण उन्हात काम करणाऱ्याच्या शरीरातून एका दिवसात काही लिटर घाम जाऊ शकतो व वजनातील तो फरक पाण्याचा असतो. वजन स्थिर आहे एवढ्यावरून मात्र आहार पुरेसा आहे असे म्हणता येत नाही; ते उंचीच्या मानाने योग्य आहे का आणि संध्याकाळी काम संपल्यावर व्यक्ती हिंडतेफिरते की लगेच आडवी होते, हेही पाहावे लागते. वजन (कि.ग्रॅ.) भागिले उंचीचा (मी.) वर्ग हा निर्देशांक १८·५ हून कमी असल्यास प्रौढ व्यक्ती ऊर्जेच्या दीर्घकालीन तुटीत असल्याचे समजतात.